पहिली गोळी घेण्याआधी

पावसाळा लागला की लॅबमध्ये येणाऱ्या चिठ्ठ्यांवर एकच ओळ फिरत राहते: सीबीसी, मलेरिया, डेंग्यू, विडाल. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, विडाल म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ततपासणी. सकाळी साडेसातला मी शटर वर करते तोवर पायरीवर तीन-चार जण येऊन बसलेले असतात. कुणी जुलैच्या दमट हवेतही स्वेटर घालून, कुणी आईच्या खांद्यावर मान टाकून. राजारामपुरीतल्या या लॅबमध्ये मला २२ वर्षं झाली. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, लग्न होऊन आजऱ्याहून कोल्हापुरात आले आणि तेव्हापासून लोकांच्या दंडाला रबरी पट्टी बांधतेय. विडाल किती केल्या असतील त्याला हिशेब नाही. यंदा मात्र ती चिठ्ठी सख्ख्या भाच्याच्या खिशातून निघाली, म्हणून हे लिहायला बसले.

भाचा २० वर्षांचा, अक्काचा धाकटा. पोलीस भरतीची तयारी करतो. एका खोलीत सहा पोरं, कॉट बेसिसवर. पहाटे साडेचारला मैदान, मग अकॅडमी, दुपारी मेस, संध्याकाळी अभ्यासिका. माझं घर त्यांच्या खोलीपासून दहा मिनिटांवर. पण पोरं मावशीकडं कधी येतात? घरात काही गोडधोड असलं तर, नाहीतर दुखणं अंगावर काढून काढून अगदीच बसवेना झालं की.

तो आला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. म्हणाला, "मावशी, दोन दिस कणकण हाय. एक विडाल करून टाक की. मागची निगेटिव्ह आलीया."

मागची? मग हे दोन दिवसांचं नाही.

आत बसवलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि एकेक विचारत गेले तेव्हा सगळं बाहेर आलं. तापाचा तो नववा दिवस होता. दुसऱ्या दिवशी एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या: रोज एक, तीन दिवस. ती अँटिबायोटिक होती हे त्याला माहीतही नव्हतं. "तापाची गोळी" म्हणून दिली, "तापाची गोळी" म्हणून घेतली. तिसऱ्या दिवशी जवळच्या एका दवाखान्यात गेला, तिथं विडाल झाली, निगेटिव्ह आली. "व्हायरल आहे, चार दिवसांत जाईल." मधे दोन दिवस ताप थोडा उतरला, मग पुन्हा रोज संध्याकाळी कालच्यापेक्षा वर. आणि हे सगळं चालू असताना पोरगा पॅरासिटामॉल घेऊन पहाटे पळत होता. का, तर ग्राऊंडची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची, तारीख २१ दिवसांवर होती.

थर्मामीटर लावला, १०३. जीभ बघितली. मधे पांढरट-पिवळा थर आणि कडा लालबुंद. पोट फुगलेलं, तीन दिवस शौचाला साफ नाही. डोकं इतकं दुखत होतं की खिडकीचा पडदा ओढायला लावला. नाडी धरली तर ८८. एवढ्या तापात एरवी नाडी ११०-१२०वर धावते. पळणारा पोरगा आहे, त्याची नाडी मुळात सावकाश, हे धरूनही ८८ कमीच. मी डॉक्टर नाही आणि निदान करणं माझं काम नाही. पण २२ वर्षं तापाची माणसं समोर बसलेली बघितली की पोटात खड्डा पडायचा तो पडतोच.

"विडाल नको," मी म्हटलं, "हात इकडं कर." आमच्या ओळखीच्या फिजिशियनना फोन लावला, त्यांनी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी), सीबीसी, लिव्हरच्या तपासण्या सांगितल्या आणि ताबडतोब घेऊन या म्हणाले. दंड स्पिरिटनं एकदा नाही, दोनदा पुसला, वाळू दिला, बाटलीचं रबरी बूचही पुसलं आणि १० मिली रक्त थेट कल्चरच्या बाटलीत सोडलं. पुसायला एवढा वेळ कशाला, असं लोक विचारतात. कातडीवरचा एखादा साधा जंतू बाटलीत गेला तर तोही वाढतो आणि पुढं सगळ्यांना चकवतो.

आता विडालबद्दल सांगते. जी तपासणी करून माझं घर चालतं तिच्याविषयी लिहायला जड जातंय, तरी लिहिते.

रक्त थोडा वेळ ठेवलं की खाली गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. काचेच्या पट्टीवर गोल गोल खळगे असतात. एकेका खळग्यात सीरमचा थेंब आणि त्याच्यावर किटमधल्या द्रवाचा थेंब: 'ओ'चा, म्हणजे जंतूच्या अंगाचा, निळा; 'एच'चा, म्हणजे त्याच्या शेपट्यांचा, लाल. या द्रवात मेलेले, रंगवलेले टायफॉइडचे जंतू असतात. काडीनं ढवळायचं आणि पट्टी हातात धरून मिनिटभर हलकेच झुलवायची. शरीरात त्या जंतूविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं, असतील तर ते जंतू एकमेकांना चिकटतात आणि एकसारख्या निळ्या थेंबात बारीक दाणे दिसायला लागतात, दूध फाटायला लागल्यावर कडेला दिसतात तसे. मग सीरम कमी कमी घेत जायचं, ८०, ४०, २०, १०, ५ मायक्रोलिटर, आणि दाणे कुठपर्यंत दिसतात ते बघून लिहायचं: १:८०, १:१६०, १:३२०. जितक्या कमी सीरममध्ये दाणे, तितका आकडा मोठा. संपलं. दहा-पंधरा मिनिटांत रिपोर्ट हातात. स्वस्त आहे, झटपट आहे, म्हणून सगळ्यांना हवी असते. फ्रान्सच्या फर्नांद विडाल यांनी १८९६ साली ही पद्धत मांडली तेव्हा ती मोठीच गोष्ट होती.

अडचण अशी की ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूची आठवण शोधते. अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा तरी लागतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी केलेली विडाल निगेटिव्ह येणार नाही तर काय होणार? भाच्याची तशीच आली, आणि त्या कागदाच्या भरवशावर तो आणखी सहा दिवस पळत राहिला. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. आपल्या भागात टायफॉइड कायमचाच. कधीतरी पूर्वी हा जंतू पोटात जाऊन गेलेल्या माणसाला आज मलेरिया झाला, डेंग्यू झाला, टायफॉइडच्या चुलत घराण्यातला दुसरा कुठला जंतू भेटला, तरी पट्टीवर दाणे येतात. ठणठणीत माणसातही १:८० दिसू शकतं. विडालचा खरा अर्थ लावायचा तर आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा करून आकडा चौपट वाढला का ते बघायचं असतं. दुसऱ्यांदा कोण येतं? ताप उतरला तर येत नाहीत, चढला तर दुसरीकडं जातात. आणि मग "मला दर वर्षी टायफॉइड होतो" म्हणणारी माणसं तयार होतात. तसं मला सांगणारे किती भेटले! दर वर्षी इंजेक्शनांचा कोर्स झालेला, एकदाही कल्चर नाही.

कल्चर म्हणजे खुद्द जंतूला पकडणं. टायफॉइडचा जंतू तोंडावाटे आत जातो, लहान आतड्याच्या भिंतीतून घुसतो आणि पहिल्या आठवड्यात रक्तात फिरत असतो. तेव्हाच रक्त घेतलं तर सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तरीसुद्धा टायफॉइडच्या दहा रुग्णांपैकी पाच-सहा जणांतच तो हाती लागतो, बाकीच्यांत निसटतो. म्हणजे कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून टायफॉइड नाहीच, असंही नाही. आणि अँटिबायोटिकच्या एकदोन गोळ्या पोटात गेल्या की ही शक्यता आणखी घटते. म्हणून माझं सगळ्यांना हात जोडून एकच सांगणं असतं: ताप तीन-चार दिवसांवर गेला आणि डॉक्टर अँटिबायोटिक लिहितायत, तर पहिली गोळी घेण्याआधी "कल्चरसाठी रक्त देऊ का?" एवढं विचारा. विचारलं म्हणून कुठला चांगला डॉक्टर रागावत नाही. पैसे विडालपेक्षा जास्त पडतात, रिपोर्टला तीन ते पाच दिवस लागतात, हे खरं. पण तोवर थांबायचं नसतं. रक्त काढून झालं की डॉक्टर औषध लगेच सुरू करू शकतात.

भाच्याचा सीबीसी आमच्याच मशीनवर लावला. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट थोड्या खाली, इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) शून्य. प्लेटलेट बघून कुणी डेंग्यू म्हणालं असतं. पण ते शून्य बघून मी तशीच बसले. जुन्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम आम्हाला शिकवायच्या, तापात इओसिनोफिल दिसेनात तर टायफॉइड मनात धरून चाला. पुरावा नाही तो, पण खूण आहे.

संध्याकाळी ॲडमिट केलं. रात्री सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन शिरेतून गेलं.

दुसऱ्या दिवशी आजऱ्याहून पहिल्या एसटीनं अक्का आली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात घनसाळ तांदळाची. आल्या आल्या पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "मुदतीचा ताप गं ह्यो. मुदत भरल्याबिगार जायचा न्हाई." आमच्या आजीचा भाऊ असाच गेला होता. आजी सांगायची, तीन आठवडे ताप होता, १८व्या दिवशी पोटात एकदम कळ आली, पोट लाकडासारखं झालं आणि दोन दिवसांत संपला. तेव्हा कुणाला कळलं नाही काय झालं. आता मला कळतं. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जंतूंनी धरलेल्या जागा तिसऱ्या आठवड्यात सडायला लागतात, तिथून रक्त जातं किंवा आतड्याला भोकच पडतं. लगेच ऑपरेशन झालं तर माणूस वाचू शकतो. १९४८च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक आलं, त्याआधी टायफॉइड झालेल्या दर दहा माणसांतला एखादा, कधी दोघं दगावायची. मुदत म्हणायचे ती हीच: २१ दिवस काढले तर तरला.

आणि माझा भाचा नवव्या दिवसापर्यंत सोळाशे मीटर पळत होता.

पुढचे पाच दिवस फार वाईट गेले. ते मुद्दाम लिहिते, कारण इथंच माणसं चुकतात. मी एका वहीत दर चार तासांनी ताप लिहीत होते. पहिली रात्र १०३.६. दुसरी १०३.४. तिसरी १०३.२. अक्का रडकुंडीला आली. गावाकडून फोनवर फोन: औषध लागू पडत नाही, डॉक्टर बदला, सांगलीला न्या, मिरजेला न्या. बाजूच्या कॉटवरच्या बाई एका देवऋषाचा नंबर देऊन गेल्या. मला माहीत होतं की टायफॉइडमध्ये बरोबर औषध चालू असलं तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. माहीत होतं, तरी तिसऱ्या रात्री दीड वाजता पोराचे दात वाजायला लागले तेव्हा माझाही धीर सुटला. वहीचं ते पान अजून तसंच आहे, आकडा दोनदा गिरवलेला. चौथ्या रात्री १०२. पाचव्या रात्री १००.८. सहाव्या दिवशी सकाळी ९८.८ आणि पोरगं म्हणालं, "मावशी, भूक लागलीया." अक्कानं वहीलाच हात जोडले.

मधेच, दुसऱ्या दिवशी दुपारी, कल्चरची बाटली पाठवली होती त्या मोठ्या लॅबमधून फोन आला होता: बाटलीत वाढ दिसतेय. चौथ्या दिवशी पूर्ण रिपोर्ट. साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉइडचाच जंतू. आधी तीन गोळ्या पोटात जाऊनही सापडला, हे आमचं नशीब. खाली औषधांची यादी होती आणि त्यात सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर 'रेझिस्टंट' लिहिलेलं, म्हणजे या जंतूला ते लागू पडत नाही. एके काळी टायफॉइड म्हटलं की सिप्रो, असा सरळ हिशेब होता. मी कामाला लागले तेव्हा तर सर्रास चालायचं. त्याच्याआधी क्लोरॅम्फेनिकॉलचंही असंच झालं. १९७२ साली केरळात कालिकतला त्याला न जुमानणारा टायफॉइड पसरला. २०१६पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये असा जंतू फिरतोय की त्याला सेफ्ट्रायॅक्सोनही लागू पडत नाही. पोटात घ्यायचं अझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायची मोजकी महागडी औषधं एवढंच हाताशी उरलंय. सिंध नकाशावर आपल्याला लांब वाटतं, जंतूला वाटत नाही. मेडिकलमधून मागून घेतलेल्या तीन-तीन गोळ्यांनी आपण त्याला रोज थोडं थोडं शिकवतोय. म्हणून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणाऱ्या दुकानदाराचा मला राग येतो, आणि ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या बंद करणाऱ्या घरच्यांचाही तेवढाच. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलेत तितके पुरे करायचेच. पुरे करूनही शंभरातल्या पाच-दहा जणांना दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटतो. अर्धवट सोडलं तर मग विचारायलाच नको.

खाण्याचं थोडं सांगायला हवं. अक्का पहिल्यांदा नुसतं साबुदाण्याचं पाणी देत होती, कारण टायफॉइडमध्ये आतडं "कच्चं" होतं म्हणून उपास, असं आमच्याकडं पूर्वापार. डॉक्टरांनी समजावलं, पोरगं आधीच सहा किलोनं उतरलंय, त्याला खायला पाहिजे. मग घनसाळचा गुरगुट्या भात, वर पातळ मुगाचं वरण आणि साजूक तुपाचा थेंब. मऊ उकडलेला बटाटा, केळं, पेज, नंतर अंडं. तिखट, तळलेलं, चोथ्याचं काही नाही. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. तांबडा रस्सा कधी मिळणार हे तो दहाव्या दिवसापासून विचारत होता.

आता हे आलं कुठून?

टायफॉइडचा जंतू माणूस सोडून दुसऱ्या कुठल्या प्राण्यात राहत नाही. गाईत नाही, म्हशीत नाही, डासात तर नाहीच. म्हणजे टायफॉइडच्या प्रत्येक रुग्णामागं दुसरं कुणीतरी माणूस असतं, ज्याच्या शौचातला जंतू पाण्यातून नाहीतर हातातून याच्या तोंडात गेला. ऐकायला किळस येते, पण तेच खरं आहे आणि तेवढं नीट कळलं की काय काय सांभाळायचं ते आपोआप कळतं. जंतू गिळल्यापासून ताप यायला साधारण एक-दोन आठवडे जातात, त्यामुळे "काल काय खाल्लंस?" हा प्रश्न फुकट. पंधरा दिवस मागं जावं लागतं.

मी मेसवर गेले. भांडायला नाही, चालवणाऱ्या मावशी भल्या आहेत, पोरांना पोटच्या पोरासारखं वाढतात. जेवण गरम, स्वयंपाकघर स्वच्छ. दारात मोठा माठ. त्यावर झाकण, झाकणावर स्टीलचा पेला. मी तिथं अर्धा तास बसले. ४०-४५ पोरं आली. प्रत्येकानं झाकण काढलं, पेला माठात बुडवला, बोटं पाण्यात गेली, तोंडाला लावून प्यायला, पुन्हा बुडवून दुसऱ्याला दिला. मागं संडासाच्या बाहेर नळ होता, साबण नव्हता. मी मावशींना सगळं सांगितलं, सावकाश. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आवो, रोज घासतोय की माठ!" घासत होत्याच. खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतून तोटीवाला माठ आणि एक ओगराळं आणून दिलं. संडासाच्या नळाला जाळीच्या पिशवीत साबण बांधला. पिशवीत अशासाठी की नुसता ठेवला तर दोन दिवसांत गायब होतो.

स्वयंपाक करणाऱ्या दोघींची शौचाची तपासणी करून घ्या, असंही सुचवलं आणि लॅबमार्फत ती करवून दिली. बऱ्या झालेल्या शंभर रुग्णांपैकी एक ते पाच जणांच्या पित्ताशयात हा जंतू वर्ष-वर्ष टिकून राहतो. त्यांना ताप नाही, दुखणं नाही. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण त्यातलीच. १९०७ साली ती सापडली आणि आयुष्यातली २५हून जास्त वर्षं तिला सक्तीनं वेगळं काढावं लागलं. मला तिची दया येते. आज औषधं आहेत, पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, कुणाला असं कोंडून ठेवायची गरज नाही. मेसच्या दोघींचे रिपोर्ट स्वच्छ आले. जंतू नेमका कुणाकडून आला ते आम्हाला कळलं नाही आणि बहुतेक वेळा कळत नाहीच.

पाण्याचं तर कोल्हापुरात वेगळंच आहे. आपल्याला वाटतं, इतक्या नद्या, इतकी धरणं, पाण्याची कसली ददात? २०२३च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. धरणाचं पाणी चांगलंच आहे. पण ते तुमच्या-माझ्या नळाला येतं ते गटारीच्या कडेनं गेलेल्या जुन्या पाईपांतून. पाणी ठरावीक वेळच सुटतं. बंद असताना पाईप रिकामा होतो आणि जिथं चीर असेल तिथून बाहेरचं आत ओढून घेतो. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ येतं. ते पिण्यासाठी धरायचं नाही, सोडून द्यायचं. २०१९च्या महापुरात उपसा केंद्रंच बुडाली आणि शहर टँकरवर आलं, तेव्हा आम्ही पंधरा दिवस गाळून उकळलेलंच पाणी प्यायलो. पाण्याला खळखळून उकळी आली की मिनिटभर तशीच राहू द्यायची, हा जंतू मरायला तेवढं पुरतं. वीस-वीस मिनिटं गॅस जाळायला नको. आजऱ्याकडं गावात विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर, टाकतात, पाण्याला वास येतो म्हणून लोक कुरकुरतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेला असावा लागतो. क्लोरीन बघायच्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं तर तो आहे. त्या वासावर राग काढू नका.

आणि बाहेर खाणं. मिसळीचा कट उकळता असतो, त्याची मला भीती नाही. वरचा कच्चा कांदा-कोथिंबीर कुठल्या पाण्यात धुतलीय त्याची आहे. उसाच्या रसाची नाही, त्यात पडणाऱ्या बर्फाची आहे, कारण गोठवल्यानं हा जंतू मरत नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध प्यायची आपली जुनी हौस. म्हशीला टायफॉइड नसतो, पण पिळणारा हात माणसाचा असतो आणि पेला विसळायचं पाणी बादलीतलं. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर ते दूध प्यायलं. मी मुलीला पाजत नाही. तापवलेलं देते.

मुलीला लसही दिलीय. टायफॉइडची नवी लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते, एकच इंजेक्शन. हैदराबादला बनणाऱ्या अशा लसीला जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली, आणि २०१८ साली नवी मुंबई महापालिकेनं ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ती मोहीम काढून दिली. आपल्याकडं बहुतेक जण ती मुलांच्या डॉक्टरांकडं पैसे देऊनच घेतात. तेवढा खर्च करता येण्यासारखा असेल तर करा. वसतिगृहात, मेसवर राहणाऱ्या पोरांना तर जाण्याआधीच द्यायला हवी होती, हे मला भाच्याच्या बाबतीत सुचलं नाही. २२ वर्षं लॅबमध्ये काढून सुचलं नाही, हे माझ्या मनाला अजून लागून आहे. लस घेतली म्हणून पाण्याकडं दुर्लक्ष चालत नाही. टायफॉइडचा भाऊ पॅराटायफॉइड, त्याला ती अडवत नाही.

तारीख हुकली. ग्राऊंडच्या दिवशी तो माझ्याच घरी होता, सेफ्ट्रायॅक्सोनचे १४ दिवस पुरे होऊन आठवडा झालेला. सकाळी उठून दाराशी बसला, बोलला नाही. खोलीतली बाकीची पाच पोरं पहाटे पळायला गेली होती. मीही काही बोलले नाही, चहा दिला. पुढं महिन्याभरात त्याचे केस मूठमूठ गळायला लागले तेव्हा घाबरून आला. टायफॉइडनंतर गळतात, परत येतात, हे सांगितलं. 

शौचाची तपासणी करून घेतली, स्वच्छ आली. परवा रविवारी डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली म्हणून मी त्याच्याबरोबर मैदानावर गेले. चार फेऱ्या चालत मारायच्या, पाचवी नाही, असं ठरलं होतं. तिसरीला मी दमून कट्ट्यावर बसले. तो चौथी मारून आला, मैदानाकडं एकदा बघितलं आणि माझ्याशेजारी येऊन बसला. पिशवीतली बाटली काढून दिली. उकळलेलंच पाणी होतं. बाटलीच्या झाकणावर अक्कानं खडूनं त्याचं नाव लिहून ठेवलं होतं.